दिगंबरच्या डिलीट बटणाची खरी हकीकत

सोमवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी फोन आला, तेव्हा मी नांदेडजवळ विष्णुपुरीला आमच्या कॉलेजच्या स्टोअरमध्ये नव्याने आलेले बावीस कीबोर्ड मोजून घेत होतो. समोर दोन शिपाई होते. फोन मुदखेडहून, दिगंबरच्या फोटो स्टुडिओशेजारच्या झेरॉक्सवाल्याचा. "सर, लवकर या. दिगंबरमामावर कत्ती चालवली." मी विचारलं, "जिवंत आहे का?" त्यानं पुन्हा "लवकर या" म्हणून फोन ठेवला. मी पोचलो तेव्हा पावणेबारा झाले होते. दुकानात एक फौजदार, एक हवालदार आणि झेरॉक्सवाला. पायरीवर सुनंदावहिनी, दिगंबरची बायको. त्याला दवाखान्यात हलवलं होतं, पण ते फक्त हलवण्यापुरतंच. काउंटरच्या काचेचा चुरा आणि रक्त असं एक झालं होतं की पाय कुठं ठेवावा कळेना. गल्ल्यातले पैसे हवालदारानं सगळ्यांसमोर मोजले. बाराशे तीस रुपये. एकाही नोटेला कुणी हात लावला नव्हता. "लुटीचं काम न्हाई हे," हवालदार म्हणाला. ते तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. पुढं पोस्टमार्टेमच्या कागदावर चौदा वार लिहून आले. त्यातले सहा हातांवर होते.

आज त्याला सात आठवडे झाले. मधल्या काळात दोन शोकसभा झाल्या, मोबाइलवर बरंच काही फिरलं, आणि सगळीकडे एकच गोष्ट सांगितली गेली. दिगंबर लई हुशार होता, त्यानं बटण दाबून गुंडांना उल्लू बनवलं. एका सभेत तर वक्त्यानं ते बटण दाबून दाखवल्यासारखं बोट हवेत मारलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मागच्या रांगेत बसलो होतो. ते बटण मी बसवून दिलं होतं आणि ते दाबलं त्या दिवशी काय झालं ते दिगंबरनं मला स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं. टाळ्या ज्या गोष्टीला पडल्या ती घडलेलीच नाही. जे घडलं ते लिहून ठेवावं म्हणून हा लेख. तपास चालू आहे, त्यामुळे आरोपींची नावं लिहीत नाही.

दिगंबर निलंग्याकडचा, मी लातूरजवळच्या खेड्यातला. लातूरला आयटीआयला आम्ही दोन वर्षं एका खोलीत काढली. तो पहिल्यापासून भित्रा होता आणि ते लपवायचा नाही. एकदा लातूरच्या बसस्टँडवर मी खिडकीतून रुमाल टाकून दोन जागा धरल्या. त्याच जागांवर आणखी कुणाचा तरी रुमाल आधीच पडला होता, असं चौघांचं म्हणणं पडलं. त्यांनी मला बसमधून कॉलर धरून खाली ओढलं आणि चाकाशेजारी तुडवलं. एकानं माझं डोकं पत्र्यावर तीनदा आपटलं, त्याची खूण डाव्या भुवईवर अजून आहे. दिगंबर पहिल्या लाथेलाच पळाला होता. अर्ध्या तासानं कापूस आणि आयोडीन घेऊन परत आला आणि माझ्याशेजारी फरशीवर बसला. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, मदत आणायला गेलो होतो. हा म्हणाला, "पळालो रे बाल्या. संडासात कडी लावून बसलो होतो. तुझा आवाज येऊन राहिला होता तितून." मी त्याला शिवी दिली. तो म्हणाला, "दे. आणखी एक दे." मी दिली, आणि मग आम्ही दोघं हसलो. माझ्या तोंडातून हसताना रक्त येत होतं.

पुढं मी विष्णुपुरीला स्टोअरकीपर झालो आणि त्यानं मुदखेडला स्टेशन रोडवर स्टुडिओ टाकला. लग्नाचे फोटो, लग्नाची शूटिंग, अल्बम. काम चोख होतं. सहा वर्षांपूर्वी त्याच्या हातून एकच चूक झाली. निलंग्याच्या एका लग्नाचे तेराशे चाळीस फोटो त्यानं कम्प्युटरवर उतरवले. मग ते कार्ड पुढच्या लग्नासाठी कोरं केलं. दुसऱ्या दिवशी त्या पुढच्या लग्नाचे फोटो उतरवून कार्ड पुन्हा कोरं करायचं होतं, आणि पडद्यावर शेजारी शेजारी दोन खिडक्या उघड्या होत्या. एका खिडकीत कार्ड, एकीत कम्प्युटरवरचा निलंग्याच्या लग्नाचा फोल्डर. कार्डाच्या खिडकीत आहोत असं समजून त्यानं कम्प्युटरच्या खिडकीत सगळं निवडलं आणि शिफ्ट धरून डिलीट दाबलं. शिफ्ट धरलं की फाइल कचरापेटीतसुद्धा जात नाही, थेट पुसली जाते. तेराशे चाळीस गेले. त्यानं त्या लोकांना फोन करून खरं ते सांगितलं आणि माफी मागायला स्वतः निलंग्याला गेला. नवरदेवाच्या थोरल्या भावानं त्याला अंगणात बसवलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि मग ट्रॅक्टरची लोखंडी टॉमी आणली. पहिला घाव डोक्यावर येणार म्हणून दिगंबरनं उजवा हात वर केला. तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका, तिन्ही एका घावात फुटली. दुसरा घाव त्याच हातावर, खाली दाबून धरून, मुद्दाम. लातूरच्या दवाखान्यात मी त्याला पाहिलं तेव्हा बोटांच्या जागी वांग्यासारखं काहीतरी होतं. हाडं जुळली, पण बोटं वाकायची बंद झाली. करंगळी तेवढी लटपटत राहिली. तक्रार दे म्हणालो. "काय देऊ? त्यांच्या पोरीचं लग्न पुसलं मी." पोरीचं नव्हे, पोराचं लग्न होतं ते, पण तो हे असंच म्हणायचा.

त्या बोटांमुळे कीबोर्डचा प्रश्न आला. त्याचा जुना कम्प्युटर गिऱ्हाइकांच्या पेन ड्राइव्हमधून आलेल्या व्हायरसनं बेजार झाला होता, म्हणून मी विंडोज काढून त्यावर लिनक्स टाकून दिलं होतं. आता तो डाव्या हातानं कीबोर्ड चालवायचा आणि उजव्या तळव्यानं माउस ढकलायचा. माउसकडे जाताना ती लटपटती करंगळी दर वेळी डिलीटच्या बटणावर पडायची. फोटो आपोआप कचरापेटीत जायचे आणि दिगंबरला घाम फुटायचा. एका रविवारी मी सकाळी नऊला गेलो आणि दुपारी चारपर्यंत आम्ही त्याच्या फाइल मॅनेजरचे शॉर्टकट बदलत बसलो. फाइल मॅनेजर म्हणजे ज्या खिडकीत आपल्याला फाइली आणि फोल्डर दिसतात ती. लिनक्समध्ये त्यातलं कुठलं काम कुठल्या बटणानं व्हावं हे आपण ठरवू शकतो. यादी उघडायची, काम निवडायचं आणि पाहिजे ते बटण दाबून नोंदवायचं. डाव्या हाताला जवळ म्हणून एफ-वन ते एफ-फोर ही चार बटणं कामाला लावली. फोटो अल्बमच्या फोल्डरमध्ये जावा, दुसऱ्या डिस्कवर नक्कल व्हावी, अशी कामं. सगळे मिळून अकरा शॉर्टकट झाले. शेवटी डिलीटवर आलो.

"काढून टाक ते बटणच," दिगंबर म्हणाला. "उचकटून फेक."

"उचकटलं तरी खालचा खटका राहतो. तुझी करंगळी त्यात जाईल."

"मग असं कर... दाबलं तर पुसू नाई. नुसतं बाजूला ठेवावं."

मी तसं केलं. एक छोटा हुकूम लिहिला आणि डिलीटच्या बटणाला बांधला. बटण दाबलं की निवडलेली फाइल उचलून 'बाजूला' नावाच्या फोल्डरमध्ये जायची. काही विचारणार नाही, खिडकी उघडणार नाही. तो फोल्डर त्याच डिस्कवर ठेवला, म्हणजे कितीही मोठी फाइल क्षणात हलावी. शिफ्ट-डिलीट काढूनच टाकलं. खरोखर पुसायचं असेल तर मेनूत जाऊन माउसनं तीन ठिकाणी क्लिक करायचं आणि शेवटच्या प्रश्नाला हो म्हणायचं. दिगंबरनं पन्नासेक वेळा डिलीट दाबून पाहिलं. "आता दाब म्हणावं किती दाबायचं ते," तो करंगळीला म्हणाला. पुढं वर्षभरात त्याला त्याची इतकी सवय झाली की हललेले, डोळे मिटलेले फोटो तो त्याच बटणानं बाजूला टाकू लागला.

आता गेल्या उन्हाळ्यातलं. मुदखेडपासून जवळच्याच एका गावात लग्न होतं. चारच्या उन्हात वरात निघाली. डीजेच्या गाडीमागं जनरेटर, आणि तो चालवायला माधव नावाचा चोवीस वर्षांचा माणूस. मजुरीवर. इंजिन तापलं म्हणून माधवनं ते बंद केलं आणि डीजे थांबला. गावातल्या एका वजनदार माणसाचा पुतण्या समोर नाचत होता. पुढचं सगळं दिगंबरच्या कॅमेऱ्यात आलं, कारण तो नवरदेवाच्या घोड्यासाठी कॅमेरा चालू ठेवून गाडीवर चढला होता. चार मिनिटं अकरा सेकंदांची फाइल आहे. मी ती एकदाच पाहिली. "दादा, पाणी टाकू द्या इंजिनात, दोनच मिनिटं," असं माधव म्हणतो. पुतण्या त्याच्या कानफटात मारतो. माधव हातातली पाण्याची कॅन सोडत नाही, याचा त्याला राग येतो. लाइटच्या दांड्या उपसल्या जातात. तिघं मारत असतात, बाकीचे गोल करून उभे असतात, आणि त्यांतले काही अजून अर्धवट नाचत असतात. दांडी तुटते तेव्हा तुटक्या टोकानं भोसकतात. माधवचा आवाज तिसऱ्या मिनिटाला बंद होतो. मारणं त्यानंतरही एक मिनिट चालतं.

गावानं सांगितलं, जनरेटरच्या पट्ट्यात सापडून मेला. दिगंबर त्या दिवशी काहीच बोलला नाही. फाइल कार्डावरून कम्प्युटरवर उतरली, कारण त्याचा हात रोज तेच करत होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी तेच तिघे दुकानात आले आणि शटर अर्धं ओढून घेतलं. कॅमेरा फरशीवर आपटला, कार्ड टाचेखाली चुरडलं. एकानं कीबोर्डशेजारी कत्ती ठेवली. "कम्प्युटरात हाय का?" दिगंबर "हाव, हाय" म्हणाला. खोटं बोलायचं त्याच्या ध्यानातसुद्धा आलं नाही. फाइल दाखवली. त्यांनी कत्तीची बोथट बाजू त्याच्या कानावर हाणली. त्या कानानं त्याला पुढं नीट ऐकू आलं नाही. "डिलीट कर. आमच्यासमोर." दिगंबरनं डिलीट दाबलं. फाइल खिडकीतून गेली. त्यांतल्या एकाला कम्प्युटर कळत होता. तो म्हणाला, "थांब रे. कचरापेटी उघड. तिथं जाऊन बसतंय ते." दिगंबरनं कचरापेटी उघडली. ती रिकामी होती. साधा कम्प्युटर असता तर फाइल तिथंच सापडली असती आणि तिथून कायमची गेली असती. "साफ हाय," तो कम्प्युटर कळणारा म्हणाला. मग तिघांनी त्याला खुर्चीसकट पाडलं, लाथा घातल्या आणि गेले. दोन बरगड्या.

लोक इथं टाळ्या वाजवतात. पण दिगंबरला ते बटण आठवलंच नव्हतं. त्यानं ते भिऊन दाबलं होतं. त्याला ती फाइल खरोखर पुसायची होती. त्याची पँट ओली झाली होती, हेही त्यानंच मला सांगितलं. बरगड्यांना पट्टा बांधून तो दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच एका लग्नाचा अल्बम करायला बसला, एक हललेला फोटो काढून टाकायला डिलीट दाबलं, आणि हात तिथंच राहिला... मग त्यानं 'बाजूला' उघडून पाहिलं.

त्यानं मला फोन केला. रविवारी मी गेलो. शटर खाली ओढून त्यानं मला ती फाइल दाखवली. ती संपली. मग मी म्हणालो, "पुसून टाक. मेनूतून. तुला होत नसेल तर मी पुसतो."

तो खुर्ची पडद्याजवळ ओढून बसला.

"दोन पोरी आहेत तुला. माधव काही उठून येणार नाही."

त्यानं फाइल मागं नेली आणि एका जागी थांबवली. माधवनं डोक्यावर येणारी दांडी अडवायला उजवा हात वर केला होता, बोटं पसरून. दिगंबर म्हणाला, "बघ. मीबी निलंग्याला असाच धरला होता."

"म्हणून काय?"

"काय न्हाई. बघून राहिलो नुसतं."

मी माउसकडे हात नेला. त्यानं आपला तो वाळल्यासारखा हात माउसवर ठेवला आणि म्हणाला, "नको रे बाल्या. चहा घे." मी चहा घेतला आणि नांदेडला परत आलो. त्या आठवड्यात मी त्याला फोन केला नाही. मला काय ऐकावं लागेल याची भीती होती.

फाइल सापडल्यापासून नऊ दिवस तो तिच्यासोबत बसला. मेनू तिथंच होता, तीन क्लिक आणि एक हो. नवव्या दिवशी त्यानं ती पेन ड्राइव्हवर घेतली, फोटोपेपर आणायला जातो असं घरी सांगितलं, रेल्वेनं एकटाच नांदेडला आला आणि पोलिसांच्या मोठ्या साहेबांकडे जाऊन बसला. साडेतीन तास बसावं लागलं. माझ्याकडे आला नाही. आला असता तर मी त्याला पुन्हा अडवलं असतं आणि ते त्याला माहीत होतं. चारच दिवसांत पुतण्या आणि दोघे आत गेले. तीन महिन्यांनी जामिनावर बाहेर आले. मी त्याला म्हणालो, लातूरला माझ्या बहिणीकडे जाऊन राहा. तो म्हणाला, "लग्नसराई हाय. तारखा घेतल्यात लोकांच्या." भीत होता का? हो. दुकानात पाठ भिंतीला लावून बसायचा, मोटारसायकल थांबली की उठून उभा राहायचा. त्या सोमवारीही तो उभाच होता, असं झेरॉक्सवाल्यानं सांगितलं. पळायला मागचं दार होतं. पण पुढच्या खोलीत एक बाई लहान मुलीचा पासपोर्ट फोटो काढायला आली होती. त्यानं त्या दोघींना मागच्या दारानं बाहेर काढलं आणि कडी लावायला वळला तेव्हा पहिला वार झाला.

गेल्या बुधवारी पोलिसांनी त्याच्या कम्प्युटरचा पंचनामा केला. फौजदार, हवालदार, दोन पंच, मी आणि सुनंदावहिनी. आरोपींचं म्हणणं असं की फाइल नंतर बनवलेली आहे, म्हणून ती पुसली का गेली नाही हे कागदावर यायला हवं होतं. मी पंचांसमोर एक रिकामी फाइल तयार केली आणि डिलीट दाबलं. ती गेली. कचरापेटी उघडली, रिकामी. 'बाजूला' उघडलं, तिथं होती. असं तीनदा करून दाखवलं. मग माझा जबाब सुरू झाला. हवालदारानं लिहिलं, 'मयताने प्रसंगावधान राखून चलाखीने सदर फाइल वाचवली.' मी म्हणालो, हे खोडा.

फौजदार तरुण आणि भला माणूस आहे. म्हणाला, "काका, चांगलंच लिहून राहिलोय की त्यांच्याबद्दल."

"चलाखी नव्हती. भिऊन दाबलं होतं. वाचलं ते बटणामुळे. नंतर नऊ दिवस त्याच्या हातात होतं, ते त्यानं पुसलं नाही, हे लिहा. आणि मी त्याला पुसायला सांगितलं होतं, तेही लिहा."

"ते कशाला? त्यांचा वकील तुम्हालाच धुऊन काढील."

"काढू द्या."

सुनंदावहिनी माझ्याकडे बघत होत्या. त्यांना हे माहीत नव्हतं. सात आठवडे मी त्यांच्या घरी जात-येत होतो, त्यांच्या हातचा चहा घेत होतो आणि हे बोललो नव्हतो. मी मान खाली घातली. त्या म्हणाल्या, "भावजी, तुम्ही एकदाच म्हणालात. मी नऊ दिवस म्हणून राहिले होते. पोरींच्या डोक्यावर त्यांचा हात ठेवून घेतला. पाय धरले." मग त्या हवालदाराकडे वळल्या. "माझंबी लिहून घ्या दादा."

"बाई, तुमचा जबाब झालाय मागंच," हवालदार म्हणाला.

"तेव्हा हे सांगितलं न्हवतं. आता लिहा. यांनी कुणाला चकवलं-बिकवलं न्हाई. आम्ही दोघंबी नको नको म्हणून राहिलो, अन् हे आपल्या पायानं गेले."

हवालदारानं फौजदाराकडे पाहिलं. फौजदारानं मान हलवली. हवालदारानं नवा कागद घेतला आणि 'जबाबाच्या भाषेत' लिहायला लागला. मी त्याला थांबवलं आणि त्या म्हणाल्या तसंच लिहायला लावलं. त्यानं शब्दाला शब्द लिहिलं आणि आम्हा दोघांना दोनदा वाचून दाखवलं.